तळ्यावर तरंगणारे भावी सभापती

माशांना ताप येतो का, हा प्रश्न मला नोकरीत जितक्यांदा विचारला गेला, तितक्यांदा माझी स्वतःची तब्येत कुणी विचारली नसेल. लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई विचारते, "तुम्ही काय करता?" मी म्हणते, "माशांचे आजार तपासते." ती घास हातात धरून क्षणभर थांबते आणि मग ठरलेला प्रश्न येतो. तर एकदाचं सांगून टाकते. ताप येत नाही. मासा पाण्याइतकाच गरम आणि पाण्याइतकाच गार असतो. मात्र कल्ले बिघडले की तो खोकल्यासारखं करतो. हे सांगितलं की बाई हसते, आणि त्या पंगतीत मासे नसले तरी जरा जपून जेवते.

सोलापुरातली आमची प्रयोगशाळा म्हणजे कचेरीच्या मागच्या दोन खोल्या. एक सूक्ष्मदर्शक, जंतू वाढवायच्या काचेच्या बश्या आणि एक फ्रीज. फ्रीजवर 'यात जेवणाचा डबा ठेवू नये' अशी पाटी मी स्वतः लिहून चिकटवली होती. ती का चिकटवावी लागली, ते आमच्या शिपायाला विचारा.

काम सांगायला सोपं आहे. शेतकऱ्याचे मासे मरायला लागले की तो आमच्याकडे यायचा. आम्ही पाणी तपासायचो, मासा तपासायचो आणि काय करायचं ते सांगायचो. अडचण एवढीच की मेलेला मासा फारसं काही सांगत नाही. मेल्यावर दोन-चार तासांत त्याच्यात इतके जंतू माजतात की त्याला मारलं कुणी आणि नंतर आलं कोण, हे कळत नाही. म्हणून आजारी पण जिवंत मासा आणा, नाहीतर नुकताच मेलेला बर्फात घालून आणा, असं मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगायची. तरी एक गृहस्थ ऐन मे महिन्यात दोन दिवसांचा मेलेला कटला स्टीलच्या डब्यात घालून एसटीने निघाले. कंडक्टरने अर्ध्या वाटेत माशाला आणि मालकाला दोघांनाही उतरवलं. नातेपुत्याच्या एकाने तर मला तळलेल्या तुकडीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "मॅडम, हा आजारी होता का? लवकर कळवा. अर्धा खाऊन झाला आहे."

अशा सगळ्या मंडळींत माझ्या सगळ्यांत जास्त लक्षात राहिले ते सिद्रामप्पा. वळसंगच्या पुढे त्यांची वस्ती. घरात बोलणं कानडी, बाहेर मराठी, आणि चिडल्यावर दोन्ही. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. सात पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा खाल्लेलं नाही, आणि हा माणूस शेततळ्यात मासे पाळत होता.

शेततळं म्हणजे शेतात खणलेला मोठा चौकोनी खड्डा. पाणी मुरू नये म्हणून आत जाड प्लॅस्टिक अंथरतात. त्याला सगळे 'कागद' म्हणतात. त्या पाण्यात माशांची बोटुकली सोडायची. बोटुकली म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं. वर्षभरात ती किलोभर होतात आणि व्यापारी जाळं टाकून घेऊन जातो.

"सिद्रामप्पा, तुम्ही खात नाही, मग पाळता कशाला?" मी पहिल्याच भेटीत विचारलं.

"पाळायला खावं लागतंय व्हय ओ?" ते म्हणाले. "मोत्या कुत्रं हाय आमचं. त्याला कुटं खातो आमी?"

ते रोज सकाळी काठावर बसून माशांना खाद्य घालायचे आणि त्यांच्याशी कानडीत बोलायचे. व्यापारी यायच्या दिवशी मात्र ते सोलापुरात कामाला जायचे. काम काय, ते कुणालाच माहीत नसायचं. माशांना निरोप द्यायला त्यांची बायको महानंदा थांबायची. ती खंबीर होती.

सिद्रामप्पांना काहीही टाकून देववत नसे. लग्नाच्या हॉलांतून ते पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पोती भरभरून आणायचे, आणि वाढदिवस नाहीतर निवडणुका झाल्या की चौकाचौकांतले उतरवलेले फ्लेक्स. एका उन्हाळ्यात तळ्याचं पाणी भराभर आटायला लागलं, तेव्हा त्यांनी डोकं लढवलं. बुचं घट्ट लावलेल्या बाटल्या बारीक तारेने एकमेकींना बांधल्या, वर फ्लेक्स ताणून बसवले आणि अर्धं तळं झाकेल एवढा तराफा पाण्यावर सोडला. सावली पडली, पाणी आटायचं कमी झालं. मी बघायला गेले तेव्हा तळ्यावर हात जोडलेले, गॉगल घातलेले, फेटे बांधलेले पंधरा-वीस पुढारी शांतपणे तरंगत होते. मधोमध एक भरघोस मिशांचे 'भावी सभापती' होते. वाऱ्याने तराफा हलला की ते मान डोलावायचे.

मी खूप हसले. आणि नंतर, हे लिहिताना अजून कान गरम होतात, मी खूप कौतुकही केलं. बाटल्यांच्या बुडाला हिरवट बुळबुळीत थर धरला होता आणि रोहू मासे तो खरवडून खात होते. पाण्यात बांबू रोवले की त्यांवर असाच थर धरतो आणि रोहूला तो आवडतो, हे मी पुस्तकात वाचलेलं. बांबूच्या जागी प्लॅस्टिक, एवढाच फरक, असं मला वाटलं. आमच्या शेतकरी मेळाव्यात मी सिद्रामप्पांना मंचावर बोलावलं. "पाणी वाचलं, माशांना फुकटचा खाऊ मिळाला आणि कचराही कारणी लागला!" असं माईकवरून सांगून मी पहिली टाळी वाजवली. त्यांच्या तराफ्याचा फोटो आमच्या माहितीपत्रकावर छापून आला. तो बघून आणखी चौघांनी तसेच तराफे केले.

पुढच्या वैशाखात सकाळी सकाळी त्यांचा फोन आला. "म्याडम, माझ्या तळ्यात कुणीतरी इख घातलंय. या की ओ लवकर."

मी पोचले तेव्हा काठावर सात-आठ मासे काढून ठेवलेले होते. अंगावर लाल चट्टे, काहींची शेपूट झडलेली, काहींचं पोट फुगून खवले उभे राहिलेले. सिद्रामप्पा त्यांच्याकडे पाठ करून बसले होते. कुणी घातलं विष, असं विचारल्यावर त्यांनी बोट दाखवलं ते शेजारच्या बांधाकडे. तिकडे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ मल्लिनाथ राहायचा. बोअरच्या पाण्यावरून दोघांत तीन वर्षं धुसफूस होती.

"विष असतं तर लहानमोठे सगळे मासे एका दिवसात उताणे झाले असते," मी म्हटलं. "रोज थोडे थोडे मरतात तो आजार. जखमेतून जंतू शिरलेत."

"जंतू कोण आणून टाकला मग?"

"कुणी टाकायला नको. हे जंतू तळ्यात एरवीही असतात. मासा धडधाकट असला की त्यांचं काही चालत नाही."

त्या जंतूंचं नाव एरोमोनास. नाव ऐकून सिद्रामप्पा म्हणाले, "हे तर औषधाचं नाव वाटतंय." मी नेहमीचा इलाज लिहून दिला. खाद्य बंद, चुना मारा, पोटॅशियम परमँगनेट बेताने टाका, मेलेले मासे तळ्यापासून लांब पुरा. तराफा उचलून खाली बघायला हवं होतं. ते मी केलं नाही. माझ्याच माहितीपत्रकावरचा तराफा होता तो. त्याच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही.

आठ दिवस मासे मरायचे थांबले. सिद्रामप्पांनी फोनवर माझ्या नावाने मंदिरात नारळ फोडल्याचं कळवलं. नवव्या दिवशी पुन्हा सुरू झालं, आणि या खेपेला पाटीभर मासे एका सकाळी. त्यांनी मला फोन केला नाही. थेट पोलीस चौकीत जाऊन भावाच्या नावाने तक्रार दिली.

ही बातमी मला महानंदाने कळवली. "अक्का, तुमी या," ती म्हणाली. "हवालदारानं मल्लूला दिवसभर बसवून घेतलं हो. माझ्या लग्नात दहा वर्षाचा होता त्यो. माझ्या हातचं जेवलाय. त्यो इख घालंल का?"

मी गेले. तराफा उचलायला किमान दोन माणसं पाण्यात उतरायला हवी होती. सिद्रामप्पा एकटे. गावातलं कुणी यायला तयार नव्हतं, कारण पोलिसांचं प्रकरण झालेलं. आम्ही काठावर उभे असताना बांधावरून मल्लिनाथ आला. कुणाशी न बोलता त्याने सदरा काढून बाभळीच्या फांदीला अडकवला आणि कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. सिद्रामप्पा दुसरीकडे बघत राहिले. मग तेही उतरले. एका टोकाला थोरला, दुसऱ्या टोकाला धाकटा, आणि मध्ये वीस पुढारी.

तराफा उलटा झाला आणि आम्ही तिघं नाकाला हात लावून मागे सरलो. खाली काळपट, बोटभर जाड बुळबुळीत लगदा लोंबत होता. बाटल्या बांधलेल्या तारांची टोकं गंजून बाहेर आली होती. मासे थर खायला यायचे आणि त्या टोकांना अंग घासून जायचे. वरचे फ्लेक्स सोलापूरच्या उन्हाने पापडासारखे झाले होते. हात लावला की भुगा होत होता. म्हणजे माशाला जखम तिथेच, जंतूंची वस्ती तिथेच, आणि उघड्या पाण्यात चुना मारून उपयोग नाही, कारण त्या लगद्याच्या आत औषध पोचतच नव्हतं. मी चमच्याने थोडा लगदा बाटलीत भरला.

आता मासा कापून बघायचा होता. महानंदा म्हणाली, "अंगणात नको, गोठ्यापाशी नको, विहिरीपाशी तर नकोच." शेवटी आम्ही पार ओढ्याकाठी चिंचेखाली गेलो. पाट तिने दिला, पण "परत आणू नका" असं बजावून. सिद्रामप्पा झाडाच्या पलीकडे तोंड करून उभे राहिले आणि तिथूनच विचारू लागले, "झालं का?" मी पोट उघडलं. आतड्यात हिरव्या शेवाळाबरोबर पांढरे, निळे, काळे कपटे होते. एक जरा मोठा कपटा मी चिमट्याने भिंगाखाली धरला.

"काय हाय?" मल्लिनाथने वाकून विचारलं. तीन तासांतलं त्याचं ते पहिलं वाक्य.

"छापील आहे काहीतरी. केसांसारखं दिसतंय."

त्याने भिंग घेतलं, बराच वेळ निरखलं आणि चेहरा न बदलता म्हणाला, "मिशी हाय. अण्णा, तुझ्या माशानं भावी सभापती खाल्लाय."

झाडाच्या पलीकडे सिद्रामप्पा हसायला लागले. हसता हसता खाली बसले आणि खांद्यावरच्या टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडायला लागले. मल्लिनाथ जागचा हलला नाही. एवढंच म्हणाला, "चौकीत कवा जायचं ते सांग. माझी गाडी हाय." दोघं एकाच मोटरसायकलवरून तक्रार मागे घ्यायला गेले. त्यांच्यात पाण्याचा वाद अजून आहे. पण आता तो समोरासमोर भांडून होतो.

त्या दिवशी निघताना सिद्रामप्पांनी मला गाडीपाशी गाठलं. आवाज चढलेला नव्हता. "म्याडम, मी अडाणी माणूस. पण तुमी तर टाळ्या वाजवल्या होत्या की ओ."

"हो," मी म्हटलं. "वाजवल्या होत्या."

बश्यांमध्ये जंतू वाढायला दिवस लागतात. माशाच्या जखमेतला, तराफ्याखालच्या लगद्यातला आणि मोकळ्या पाण्यातला, असे तीन ठिकाणचे नमुने मी लावले. पहिल्या दोन बश्या सारख्याच भरून आल्या. तिसरीत नावाला चार ठिपके. खरं तर तराफा उलटा झाला तेव्हाच मला पुरेसं कळलं होतं. पण बाकीच्या चौघांना कळवण्याआधी मी अहवालासाठी थांबले. पक्कं झाल्याशिवाय बोलू नये, अशी मी स्वतःची समजूत घातली. आज वाटतं, त्यातला निम्मा वेळ मी बश्यांसाठी थांबले होते आणि निम्मा माझ्या अब्रूसाठी. आमच्या साहेबांना अहवाल दाखवला तर ते म्हणाले, "'सुधारित मार्गदर्शन' म्हणून एक पत्र काढून टाका. 'चूक' हा शब्द नको."

पत्र मी काढलं, आणि फोनही केले. चौघांपैकी तिघांनी त्याच दिवशी तराफे काढले. चौथा तराफा वैरागजवळच्या सावित्राबाईंचा. गावातल्या दहा-बारा बायकांचा गट आणि त्यांचं मिळून एक शेततळं. त्यांचा फोन लागेना. मी दोन दिवसांनी स्वतः गेले.

तळं पांढरं दिसत होतं. मासे पोट वर करून तरंगत होते आणि बायका पदर नाकाला लावून टोपल्यांनी ते काढत होत्या. सावित्राबाई पन्नाशीच्या, काटक, कष्टाने काळवंडलेल्या. त्यांनी मला ओळखलं. चिडल्या नाहीत. कंबरेच्या पिशवीतून चार घड्या घातलेलं एक माहितीपत्रक काढून माझ्या हातात दिलं.

"म्याडम, ह्यो फोटू बघूनच क्येलं आमी. त्यात जसं हाय तसंच क्येलंय. कुटं चुकलं तेवढं सांगा."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी तसं सांगितलं. चूक माझी होती, हे तिथे काठावर सगळ्या बायकांपुढे बोलले. एका बाईने माझ्याकडे एक रिकामी टोपली सरकवली. मीही दुपारपर्यंत मेलेले मासे काढले.

त्यानंतरच्या मेळाव्यात मी साहेबांना न विचारता माईक घेतला. गेल्या वर्षी जे सांगितलं ते चुकीचं होतं, का चुकीचं होतं, आणि त्याने कुणाचं काय नुकसान झालं, हे सांगितलं. तळ्यात तुटकं प्लॅस्टिक टाकू नका, खाद्याच्या पोत्यांच्या चिंध्या, जुन्या जाळ्यांचे तुकडे राहू देऊ नका, आत अंथरलेला कागद फाटला तर लगेच जोडून घ्या. प्लॅस्टिकवर धरलेला थर म्हणजे जंतूंनी दार लावून बांधलेलं घर आहे. आणि कुणाच्या सांगण्यावरून काही तळ्यात सोडलं, तर महिन्याने ते उलटून बघा, सांगणारी बाई सरकारी असली तरी. मग मागच्या रांगेतून सिद्रामप्पा उठले आणि टाळ्या वाजवू लागले. एकटेच. मला आधी कळेना की ते चिडवताहेत की मनापासून वाजवताहेत. नंतर विचारलं तर म्हणाले, "दोन्ही."

त्यांचे निम्मे मासे वाचले. तारा काढल्या, तळं घासलं, नवं पाणी भरलं, आणि पावसाळा सरेपर्यंत जखमा भरून आल्या.

सावित्राबाईंच्या गटासाठी मात्र सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. दिवाळीनंतर त्या कचेरीत आल्या. बोटुकली कुठे चांगली मिळतात, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मी बरोबर येते. आम्ही दोघी टेम्पोतून बोटुकली घेऊन आलो. ती आणतात प्लॅस्टिकच्याच फुगवलेल्या पिशव्यांतून. थोडं पाणी, वर प्राणवायू, तोंड रबराने बांधलेलं. दुसरा उपाय नाही. रस्ताभर सावित्राबाईंनी एक पिशवी मांडीवर धरली होती आणि त्या पिशव्यांकडे बघत होत्या. माझ्याकडे नाही.

तळ्यावर पोचल्यावर पिशव्या आधी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवल्या. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गरम व्हावं लागतं, नाहीतर पिल्लं दचकून मरतात. मग एकेक पिशवी सोडली. बोटुकली क्षणभर पिशवीच्या तोंडाशी घोटाळली आणि एकदम फाकून खोल पाण्यात गेली. बायका काठावर ओणव्या होऊन बघत होत्या. मी दमून काठावर बसले. वय झालं होतं, निवृत्तीला वर्षच उरलं होतं.

सावित्राबाई रिकाम्या पिशव्या गोळा करत होत्या. झटकून, घडी घालून, एकीवर एक. मोजल्या. पुन्हा मोजल्या. "चोवीस आणल्या हुत्या. तेवीस हायती."

झालं. दहा बायका तळ्याभोवती पसरल्या. कुणी कुंपणाच्या कडेने, कुणी गुडघाभर पाण्यात, कुणी टेम्पोत. "वाऱ्यानं उडाली आसंल," एक जण म्हणाली. "उडून कुटं जाईल? तळ्यातच जाईल की," सावित्राबाई म्हणाल्या आणि साडी खोचून पाण्यात उतरल्या. मीही बसल्या जागेवरून मान लांब करून चौफेर बघत होते, तिकडे बघा, त्या कोपऱ्यात बघा, असं सांगत होते. पाव तास असा गेला.

शेवटी सावित्राबाई पाण्यातून बाहेर आल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. ओठ घट्ट मिटून धरले होते, पण हसू काही दबत नव्हतं.

"म्याडम," त्या म्हणाल्या, "जरा उठता का?"